बोफोर्स: तोफ आणि तिचं ड्रॉईंग

'बोफोर्स' हा शब्द माझ्या पिढीने आधी शिवी म्हणून ऐकला आणि तोफ म्हणून नंतर. निवडणुकीच्या सभेत, पेपरात, एस.टी.तल्या गप्पांत, कुणी पैसे खाल्ले की त्याने 'बोफोर्स केलं'. मग १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल झालं. टीव्हीवर द्रासच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या त्या लांब नळीच्या तोफा शिखरांवर आग ओकताना दिसल्या आणि घरातली मोठी माणसं जरा गोंधळल्यासारखी म्हणायला लागली, "तोफ मात्र चांगली होती हो!"

पण मंडळी, मला आज ज्या बोफोर्सबद्दल लिहायचंय ती ही नव्हे. ती हिची आजी. नळीचा व्यास १५५ मिमी नव्हे, अवघा ४० मिमी. दुसऱ्या महायुद्धात अनेक आरमारांनी तिच्यावर भिस्त ठेवली आणि तिची कहाणी तोफेइतकीच ड्रॉईंगची आहे. माझं पोट टॉलरन्सच्या हिशोबावर चालतं (डॉक्टरेटही त्यातच केली), त्यामुळे मला ती जास्त जवळची वाटते हे आधीच कबूल करतो.

बोफोर्स हे स्वीडनमधल्या कार्ल्सकुगा गावच्या जुन्या लोखंडाच्या कारखान्याचं नाव. आल्फ्रेड नोबेलने १८९४ मध्ये तो विकत घेतला. होय, तोच नोबेल. शांततेचं पारितोषिक ज्याच्या पैशातून दिलं जातं त्याचा शेवटचा मोठा उद्योग तोफांचा कारखाना होता. तो गेला इटलीत, घर होतं पॅरिसला, मग मृत्युपत्राचा निवाडा कुठल्या देशात व्हायचा? कार्ल्सकुगाला त्याने रशियन घोडे पाळले होते, म्हणून तेच त्याचं खरं घर, असा एक मुद्दा पुढे आला आणि निवाडा स्वीडनमध्ये झाला. म्हणजे नोबेल पारितोषिकामागे तोफेचा कारखाना आणि तबेला दोन्ही आहेत. असो.

विमानं युद्धात उतरल्यावर जहाजांपुढे नवाच प्रश्न उभा राहिला. मोठ्या तोफा वीस-पंचवीस किलोमीटरवर मारा करायच्या, पण डोक्यावर घोंगावणाऱ्या विमानाकडे त्या वळेपर्यंत ते निघून जायचं. मशीनगन भराभर चालायची, पण तिच्या गोळीने विमानाला भोक पडायचं, विमान पडायचं नाही. मधलं काहीतरी हवं होतं. स्फोटक भरलेला गोळा फेकणारी, पण मशीनगनसारखी आपोआप भरली जाणारी तोफ. ब्रिटिशांकडे तशी एक होती, विकर्सची दोन पौंडी. तिच्या आवाजावरून तिला 'पॉम-पॉम' म्हणत. हिराम मॅक्सिमच्या मशीनगनचीच ती फुगवलेली आवृत्ती आणि अडकण्याबद्दल तिची ख्याती होती. १० डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी मलायाच्या किनाऱ्याजवळ 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन प्रचंड ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या, तेव्हा 'प्रिन्स ऑफ वेल्स'वरच्या पॉम-पॉम वारंवार बंद पडत होत्या. उष्ण हवेत साठवलेली काडतुसं खराब झाली होती. त्याच जहाजावर ४० मिमीची बोफोर्सही होती. एकच! (१० डिसेंबर ही नोबेलची पुण्यतिथी. योगायोगच, पण माझ्या डोक्यातून जात नाही.)

स्वीडिश आरमाराने या पॉम-पॉम वापरून पाहिल्या होत्या आणि १९२८ मध्ये त्यांनी बोफोर्सला विचारलं की याहून बरं काही करता येईल का. काम व्हिक्टर हॅमर आणि इमॅन्युएल यान्सन यांच्याकडे आलं.

अडचण कुठे होती ती बघा. एक काडतूस दोन किलोंच्या वर. सेकंदाला दोन झाडायची तर अर्ध्या सेकंदात रिकामी पितळी पुंगळी बाहेर काढायची, नवं काडतूस आत सरकवायचं, मागचं दार लावायचं आणि बार काढायचा. हे सगळं करणारा यांत्रिक हात मजबूत हवा, कारण ओझं मोठं. मजबूत केला की तो जड होतो आणि जड झाला की हळू चालतो. इंजिनिअरला हे दुष्टचक्र नवं नाही. त्यांनी एक धाडसी उपाय करून पाहिला: पुंगळी पितळेऐवजी जस्ताची करायची, म्हणजे बार उडतानाच ती जळून जाईल आणि बाहेर काढायचं कामच उरणार नाही. कागदावर झकास. प्रत्यक्षात नळीच्या आत जस्ताचे थर बसायला लागले. सोडून दिलं.

१९३० च्या उन्हाळ्यात उत्तर सापडलं आणि ते असं आहे की वाचून मला हसू आलं होतं. काडतूस हाताला धरून नीट आत नेऊन ठेवायचा हट्टच त्यांनी सोडला. ते फेकायचं! बार उडाला की नळी मागे सरकते. त्या हालचालीच्याच जोरावर मागचं दार (तोफेच्या भाषेत ब्रीच ब्लॉक) खाली पडतं आणि आतल्या दोन आकड्या पुंगळीला झटका देऊन मागे भिरकावतात. तेवढ्यात मागून एक स्प्रिंगवालं पाळणं नवं काडतूस पुढे ढकलून सोडून देतं. शेवटचा टप्पा ते मोकळ्या हवेतून उडत जातं. आत बसता बसता त्याच्या कडेचा धक्का त्याच आकड्यांना लागतो, आकड्या दार सोडतात, दार वर येतं, बार. म्हणजे काडतूस आत आलं आहे ही बातमी काडतूसच देतं. वेगळी यंत्रणा नाही, वेगळं घड्याळ नाही. नोव्हेंबर १९३१ मध्ये नमुना तोफ धडधडू लागली आणि पुढे ही मिनिटाला १२० पर्यंत गोळे झाडणारी तोफ म्हणून ठरली. गोळा पाऊण-एक किलोचा, वेग सेकंदाला साडेआठशे मीटरच्या वर. वरून चार-चार काडतुसांच्या क्लिपा हाताने भरायच्या. पूर्ण वेगाने चालवायची तर दर दोन सेकंदांना नऊएक किलोंची एक क्लिप. भरणाऱ्याच्या पाठीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

गिऱ्हाईक मात्र आधी बाहेरचं मिळालं. १९३४ मध्ये डच आरमाराने 'डी रॉइटर' या क्रूझरसाठी पाच जोडतोफा मागवल्या. मग पोलंड, हंगेरी, ब्रिटन... रांगच लागली. स्वीडन तटस्थ, त्यामुळे विकायला कुणाला ना नाही. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो. आधी अमेरिका.

ऑगस्ट १९४० मध्ये 'व्हान किन्सबर्गन' या डच जहाजाने त्रिनिदादजवळच्या समुद्रात अमेरिकन नौदलाच्या अधिकाऱ्यांना या तोफा चालवून दाखवल्या. हॉलंड तोवर जर्मनांच्या ताब्यात गेलेलं होतं, जहाज देशाविना फिरत होतं. अधिकाऱ्यांना तोफ पसंत पडली. जून १९४१ मध्ये बोफोर्सकडून रीतसर परवाना घेतला आणि ड्रॉईंग हातात आली.

इथून पुढची गोष्ट माझ्या धंद्यातली आहे, तेव्हा जरा रेंगाळतो.

ड्रॉईंग स्वीडिश भाषेत. मापं मिलिमीटरमध्ये आणि अमेरिकेतली सगळी यंत्रं, गेजेस, ड्रिल इंचात. ४० मिमी म्हणजे १.५७४८ इंच, असली आकडेमोड हजारो मापांची. बरं, प्रोजेक्शनही उलटं. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ज्यांनी ड्रॉईंगचा पेपर दिलाय त्यांना 'फर्स्ट अँगल' आणि 'थर्ड अँगल' आठवेल. युरोपात (आणि आपल्याकडेही) वरून दिसणारं चित्र खाली काढतात, अमेरिकेत वरच. कारागिराने सवयीने वाचलं तर डाव्या बाजूचं भोक उजव्या बाजूला पाडून मोकळा होईल.

हेही चाललं असतं. चिकाटीने भाषांतर करता येतं. खरी मेख ड्रॉईंगच्या कोपऱ्यांतल्या बारीक सूचनांत होती. 'जोडणीच्या वेळी कानस मारून बसवावे.' 'जोडणीच्या वेळी भोक पाडून घ्यावे.' ही कामगिरी अंगावर घेतलेल्या क्रायस्लर कंपनीच्या, म्हणजे डेट्रॉइटच्या मोटारवाल्या इंजिनिअरांनी या सूचना वाचल्या तेव्हा त्यांना काय वाटलं असेल याची मी कल्पना करू शकतो.

पीएच.डी. करताना मी नॉर्थ कॅरोलायनात राहायचो. आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना विल्मिंग्टनला ठेवलेली 'नॉर्थ कॅरोलायना' ही युद्धनौका दाखवायला नेलं. युद्धाच्या शेवटी तिच्यावर या बोफोर्सच्या साठ नळ्या होत्या, चार-चारच्या पंधरा गटांत. शाळकरी पोरं आजही तोफेच्या लोखंडी खुर्च्यांवर बसून चाकं फिरवतात. आई सावली शोधून बसली आणि बाबा ब्रीचपाशी वाकून उभे राहिले ते हलेचनात. बाबा तीस वर्षं पिंपरीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. मी त्यांना त्या कानशीच्या सूचनेबद्दल सांगितलं.

"म्हणजे माप दिलंच नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"माप होतं, पण ते कारागिरावर सोडलेलं."

"मग ते ड्रॉईंग नव्हे रे. ती ओळखीच्या फिटरला लिहिलेली चिठ्ठी झाली."

यापेक्षा नेमकं मला आजतागायत कुणाकडून ऐकायला मिळालेलं नाही. कार्ल्सकुगाला वर्षानुवर्षं तेच काम करणारे फिटर होते. दोन भाग हातात घ्यायचे, एकात दुसरा घालून बघायचा, कुठे घासतोय ते पाहायचं, कानशीचे चार हात मारायचे. तोफ उत्तम व्हायची. पण प्रत्येक तोफेचे भाग फक्त एकमेकांशी लग्न लागलेले. या तोफेची आकडी त्या तोफेत जाईलच असं नाही. वर्षाला काही डझन तोफा करायच्या असतील तर हे ठीक आहे. हजारो करायच्या आणि त्या पॅसिफिकमध्ये पाठवायच्या असतील तर? तिथे विमान अंगावर येत असताना मोडलेल्या आकडीच्या जागी खोक्यातली नवी आकडी बसलीच पाहिजे. कानस कुठून आणणार, आणि तो म्हातारा फिटर?

म्हणून क्रायस्लरने सगळी ड्रॉईंग नव्याने काढली. इंचात, थर्ड अँगलमध्ये आणि प्रत्येक मापाला मर्यादा देऊन: इतक्यापेक्षा मोठं नको, इतक्यापेक्षा लहान नको. बोलायला सोपं आहे. समजा पाच भाग एका ओळीत बसतात आणि प्रत्येकाला मिलिमीटरच्या विसाव्या भागाची सूट दिली. पाचही भाग एकाच बाजूला चुकले तर पाव मिलिमीटरचा फरक. तेवढ्याने दार अडकेल का? सूट कमी केली तर भाग महाग होतात, निम्मे नापास होतात. जास्त ठेवली तर तोफ अडकते. मूळ कारागिराच्या बोटांना जे कळत होतं ते आकड्यांत लिहायचं म्हणजे आधी ते शोधून काढायचं: कुठला सांधा खरंच घट्ट हवा आणि कुठला उगाच सवयीने घट्ट ठेवला होता. मी हे काम आज संगणकावर करतो तरी दमतो. त्यांनी पट्टी, गेज आणि पेन्सिलीवर केलं, तेही युद्धाच्या घाईत. १९४२ मध्ये तोफा बाहेर पडू लागल्या आणि युद्ध संपेपर्यंत क्रायस्लरने सुमारे ६०,००० तोफा आणि १,२०,००० नळ्या केल्या. बनवायला लागणारा वेळ हळूहळू निम्म्यावर आला आणि त्यातली बहुतेक बचत तोफेत बदल करून नव्हे, बनवण्याच्या पद्धतीत बदल करून झाली. तोफ हॅमर आणि यान्सनचीच राहिली.

नेम धरण्याबद्दल थोडं. ताशी ४०० किलोमीटरने जाणारं विमान सेकंदाला १११ मीटर सरकतं. दोन किलोमीटरवर गोळा पोचायला तीनेक सेकंद, म्हणजे विमानावर नेम धरलात तर गोळा त्याच्या मागे तीनशे मीटरवरून जाणार. किती पुढे मारायचं हे सैनिकाच्या अंदाजावर सोडून चालत नव्हतं. एमआयटीतल्या चार्ल्स स्टार्क ड्रेपरने जायरोस्कोप वापरून एक दुर्बिणीची पेटी केली. तुम्ही विमानावर नजर धरून ठेवा, तुमची मान किती वेगाने वळते त्यावरून ती पेटी पुढचा कोन काढते. बोफोर्ससाठी ही पेटी तोफेपासून दूर वेगळ्या खांबावर बसवली, म्हणजे धूर आणि हादरे नकोत. माणूस तिथून बघणार आणि तोफ विजेच्या मोटरने त्याच्यामागे वळणार. (याच ड्रेपरच्या प्रयोगशाळेने पुढे अपोलो यानांना चंद्राची वाट दाखवणारा संगणक केला.)

इतकं करूनही तोफेची मर्यादा होतीच. गोळा प्रत्यक्ष आपटला तरच फुटायचा. हातभर अंतरावरून गेला तर फुकट. जवळून जाताना रेडिओ लहरींनी आपोआप फुटणारा फ्यूज अमेरिकनांनी बनवला होता आणि जानेवारी १९४३ पासून तो पाच इंची तोफांत वापरातही होता, पण त्यातले काचेचे व्हॉल्व्ह आणि बॅटरी ४० मिमीच्या गोळ्यात मावेनात. ऑक्टोबर १९४४ पासून जपानी कामिकाझे यायला लागले तेव्हा हे जाणवलं. वैमानिकाला परतच जायचं नसेल तर विमानाला आग लागून भागत नाही. जळतं विमानही त्याच दिशेने येत राहतं, त्याचे हवेतच तुकडे करावे लागतात आणि त्याला ४० मिमीचा गोळा पुरेना. अमेरिकेने तो फ्यूज मावेल एवढी तीन इंची स्वयंचलित तोफ करायला घेतली. ती तयार होईपर्यंत युद्ध संपलं होतं.

आता मघाच्या त्या 'कुणाला ना नाही'चं. पोलंड, नॉर्वे पडले तेव्हा तिथल्या बोफोर्स जर्मनांच्या हाती लागल्या आणि त्यांनी त्या दोस्तांच्याच विमानांवर वापरल्या. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांना ब्रिटिशांच्या बोफोर्स मिळाल्या. मग एकाच कारखान्यातल्या दोन माणसांनी कागदावर काढलेली यंत्रणा दोन्ही बाजूंच्या पोरांना मारत होती. टॉलरन्सला बाजू नसते, माप बरोबर असलं की दार वर येतं. माझ्या कामाला हे लागू नाही असं मी स्वतःला सांगतो खरं, पण मी केलेला हिशोब शेवटी कुठल्या यंत्रात जाऊन बसतो हे मला दर वेळी ठाऊक असतंच असं नाही.

जपान्यांनी हाती लागलेल्या तोफेची नक्कल करायला घेतली. तोफ समोर होती, सुटी करून मोजता येत होती. तरी युद्ध संपेपर्यंत फारशा तोफा तयार झाल्या नाहीत. याचं एक कारण अर्थातच पोलाद आणि कारखाने, पण मला दुसरंही दिसतं. सुटा भाग मोजला की त्या एका भागाचं माप कळतं. किती चुकलेलं चालेल हे त्यातून कळत नाही.

आपल्याकडे या घराण्याची ओळख बरीच जुनी. 'विक्रांत' या आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेवर ४० मिमीच्या बोफोर्स होत्या. थलसेनेने युद्धानंतरची लांब नळीची सुधारित आवृत्ती, 'एल-७०', साठच्या दशकापासून वापरली. तिला पुढे नवे सेन्सर आणि विजेच्या मोटरी बसवल्या आणि मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानी ड्रोनवर तिचाच मारा झाला. विमानांसाठी बेतलेली तोफ. ड्रोन लहान, हळू आणि स्वस्त, त्यावर महागडं क्षेपणास्त्र उधळणं परवडत नाही, म्हणून आजीबाई पुन्हा कामाला लागल्या.

आणि ती नात, १५५ मिमीची. मार्च १९८६ मध्ये चारशेहून जास्त तोफांचा करार झाला आणि त्यात तंत्रज्ञान देण्याचीही अट होती. १६ एप्रिल १९८७ ला स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली आणि पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. पैसे कुणी खाल्ले यावर आपण इतकी वर्षं बोललो की करारातून आलेल्या कागदांचं काय झालं हे फार थोड्यांनी विचारलं. कागद आले होते. हजारो पानं ड्रॉईंग आणि तपशील. त्यावरून इथे तोफ बनवायची होती. पण कंपनी काळ्या यादीत, फायलीला हात लावायला कुणी धजेना. सुटे भाग मिळेनात म्हणून एका तोफेचे भाग काढून दुसरीला लावायची वेळ आली. कारगिलला ज्या तोफांचं कौतुक झालं त्या अशा जगवलेल्या तोफा होत्या आणि त्यांची ड्रॉईंग आपल्याच कपाटांत पडून होती. लाचेपेक्षा मला या गोष्टीचा राग जास्त येतो. डेट्रॉइटच्या मोटारवाल्यांना परक्या भाषेतली, उलट्या प्रोजेक्शनची ड्रॉईंग वाचून तोफ करायला साधारण वर्ष लागलं होतं.

ते कागद खऱ्या अर्थाने उघडले गेले २०१० नंतर. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत त्यावरून 'धनुष' उभी राहिली. चाचण्यांत २०१३ मध्ये एकदा नळी फुटली. २०१७ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. जर्मन म्हणून पुरवलेली बेअरिंग चिनी होती असा आरोप होता. ८ एप्रिल २०१९ ला पहिल्या सहा धनुष सैन्याच्या ताब्यात दिल्या गेल्या, मूळ करारानंतर तेहतीस वर्षांनी. बोफोर्सची नळी ३९ कॅलिबरची होती, धनुषची ४५ कॅलिबरची आहे. नळी लांबवली की वजन पुढे सरकतं, तोल बदलतो, मागचा धक्का बदलतो, एकेक माप पुन्हा तपासावं लागतं. म्हणजे जबलपुरात कुणीतरी ती हजारो पानं नुसती गिरवली नव्हती, बसून वाचली होती.